निवळीच्या पानावरचा कुचला

भद्रावतीहून सकाळच्या एस.टी.नं चंद्रपूरला नोकरीवर यायला लागलो तेव्हा माझा समज असा होता की कंपनीत कॉम्प्युटरमधलं कळणारा मी एकटाच, म्हणून वेबसाइट माझी. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. कंपनी जंगलातला माल घ्यायची. हिरडा, बेहडा, चारोळी, निवळी, कुचला, असं सगळं वाळवून, निवडून, पोत्यांत भरून औषधं बनवणाऱ्यांकडे पाठवायची. गोदामाला लागून एक लांबट खोली होती. तिच्यात एका भिंतीला पुस्तकं, दुसरीला काचेच्या बरण्यांत बिया आणि साली, आणि मधल्या टेबलाशी आमच्या ग्रंथपाल बाई. पन्नाशीच्या, चिमूरच्या, सुती साडी, चष्म्याला काळी दोरी. प्रयोगशाळेची पुस्तकं सांभाळायला त्यांना घेतलं होतं. बाकी लोक त्या खोलीत फक्त वर्तमानपत्र वाचायला जायचे.

मॅनेजर साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मजकूर बाईंकडून घेत जा."

मला ते रुचलं नाही. पुस्तकांना नंबर घालणाऱ्या बाईंना वेबसाइटमधलं काय कळणार? पण गेलो. वहीत काढलेला आराखडा दाखवला: आधी कंपनीचं बोधचिन्ह फिरत येणार, मग संचालकांचा फोटो, मग 'आमच्याविषयी'.

बाईंनी तो नीट पाहिला आणि विचारलं, "हे कोण वाचणार?"

"सगळं जग," मी म्हणालो.

"सगळं जग म्हणजे कोणीच नाही, बाबू. एक माणूस सांग."

मग त्यांनीच कपाटातून एक जाड रजिस्टर काढलं. कंपनीला आलेलं प्रत्येक पत्र, प्रत्येक फोन त्यात होता. कोणी विचारलं, काय विचारलं, कोणी उत्तर दिलं, आणि उत्तर द्यायला किती दिवस लागले. हे काम त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी पानं उलटत गेलो. संचालक कसे दिसतात हे एकानंही विचारलं नव्हतं. लोक विचारत होते, चारोळी कोणत्या महिन्यात मिळते, हिरडा फोडलेला देता की अख्खा, नमुना पाठवाल का. त्या दुपारी माझा आराखडा उलटा झाला. संचालकांचा फोटो खाली गेला आणि महिन्यांचा तक्ता वर आला. साहेब कुरकुरले. बाईंनी रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवलं. साहेब वाचत राहिले आणि मग म्हणाले, "ठीक आहे, करा."

त्यांचा एक नियम मला फार जाचायचा. प्रत्येक पानासाठी एक गुलाबी कार्ड. मजकूर कोणी लिहिला, कशावरून लिहिला, कोणी तपासला, पुन्हा केव्हा तपासायचा. कार्डावर त्यांची सही झाल्याशिवाय पान वर चढवायचं नाही. मी म्हणायचो, "बाई, वेबसाइट म्हणजे काही पुस्तक नव्हे. चुकलं तर लगेच दुरुस्त करता येतं."

"म्हणूनच जास्त जपायचं," त्या म्हणायच्या. "पुस्तक चुकलं तर निदान ते चुकलेलं जपून तरी राहते."

मला तेव्हा ते कोडंच वाटलं.

दुसरं त्यांचं वेड नावांचं. एकाच झाडाला चिमूरकडे एक नाव, राजुऱ्याकडे दुसरं, गोंडीत तिसरं, हिंदीत चौथं. त्यांनी प्रत्येक नावाचं वेगळं कार्ड केलं होतं आणि त्यावर 'हे पाहा' म्हणून मूळ नावाकडे बोट दाखवलं होतं. ही सगळी नावं त्यांनी मला इंग्रजी अक्षरांत पानाच्या तळाशी टाकायला लावली. मराठी अक्षरं तेव्हा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नीट दिसायची नाहीत, म्हणून मराठी मजकुराचं मी चित्र करून टाकत असे. चित्रातली अक्षरं शोधायला जाणाऱ्याला सापडत नसत. नावांच्या त्या रांगा टाइप करताना मी वैतागायचो. महिन्याभरानं एका परप्रांतातल्या वैद्याची ई-मेल आली. त्याला बेहडा हवा होता, पण त्यानं शोधलं होतं त्याच्याकडचं नाव, आणि आमचं पान त्याला सापडलं. बाईंना छापून दाखवली. त्यांनी रजिस्टरमध्ये नोंद केली, तारीख घातली आणि पुढच्या कामाला लागल्या. मी मात्र दिवसभर सगळ्यांना सांगत फिरलो.

श्रावण लागायच्या सुमारास बाई आठ दिवसांच्या रजेवर गेल्या. त्यांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नागपूरला होतं. नेमके त्याच आठवड्यात संचालकांकडे पाहुणे यायचे होते आणि त्यांना वेबसाइट दाखवायची होती. लोकोपयोगी माहितीची नवी पानं तयार होती, फक्त कार्डं व्हायची होती.

साहेब म्हणाले, "चिठ्ठ्या-बिठ्ठ्या मागाहून कर रे. पानं चढव."

मी आनंदानं चढवली. त्यात एक पान निवळीचं होतं. नदीचं गढूळ पाणी निवळायला माठाच्या आतल्या बाजूला निवळीची बी पाण्यात घासतात, गाळ खाली बसतो. ते कसं करायचं याची सोपी माहिती. फोटो मी आधीच स्कॅन करून ठेवले होते. फोटोंच्या पाकिटांवर बाईंच्या अक्षरात शास्त्रीय नावं होती. निवळीचं आणि कुचल्याचं शास्त्रीय नाव पहिल्या शब्दापुरतं एकच, कारण दोन्ही झाडं अगदी जवळच्या नात्यातली. मी फाइलींना तोच पहिला शब्द दिला आणि पुढे एक, दोन असे आकडे टाकले. मग कुठला एक आणि कुठला दोन, ते बरणी उघडून पाहण्याइतका वेळ मला नव्हता. खरं तर वेळ होता. गरज वाटली नाही.

निवळीची बी पाणी निवळते. कुचल्याची बी विष आहे. पूर्वी तिनं पिसाळलेली कुत्री मारत.

बाई परत आल्या त्या दिवशी त्यांनी आईची चौकशी करायलाही मला धड वेळ दिला नाही. नवी पानं एकेक उघडून, शेजारी कोरं गुलाबी कार्ड ठेवून त्या वाचत बसल्या. दुपारी त्यांनी मला हाक मारली. आवाज नेहमीचाच होता. टेबलावर दोन बरण्या उघडून ठेवल्या होत्या.

"हात पुढे कर." त्यांनी माझ्या एका तळव्यावर फिकट पिवळसर, वाटाण्याहून थोडी मोठी, गोल बी ठेवली. दुसऱ्यावर कोटाच्या बटणासारखी चपटी, राखी रंगाची. "यातली पानावर कोणती आहे?"

मी पडद्याकडे पाहिलं. चपटी.

मी काहीतरी बोलायला लागलो, साहेबांनी सांगितलं, पाहुणे होते... त्यांनी थांबवलं. "ते मागाहून. पान खाली काढ. आत्ता."

काढलं. दोन मिनिटांत काम झालं. मला वाटलं, सुटलो.

"किती दिवस होतं?"

"सहा."

"कोणी पाहिलं?"

ते कसं सांगणार? पान उघडल्याच्या काही नोंदी होत्या, पण त्या नुसत्या आकड्यांच्या. उघडणारा कोण, कुठला, काही कळत नव्हतं. बाईंनी रजिस्टर ओढलं. त्या नव्हत्या तेव्हाची पानं कोरी होती, कारण भरायचं काम माझ्याकडे सोपवलं होतं आणि मी भरलं नव्हतं. "आलेल्या ई-मेल दाखव," त्या म्हणाल्या.

चौथी की पाचवी होती. गडचिरोली जिल्ह्यातल्या, वैनगंगेच्या काठच्या एका गावातले गुरुजी. तालुक्याच्या गावी सायबर कॅफेतून लिहिलेली. पुरामुळे गावात पाणी गढूळ येते, आपल्या साइटवरची माहिती फार उपयोगी, छापून घेतली, शाळेत लावत आहे, आभार. खाली माझं उत्तर होतं: धन्यवाद, पुन्हा भेट द्या.

बाईंनी ते दोनदा वाचलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसता चष्मा काढला आणि दोरीवर सोडून दिला.

आम्ही साहेबांकडे गेलो. साहेब घाबरले, पण त्यांना वाट दिसत होती. "ई-मेल टाका एक. झालं."

"ते बाजाराच्या दिवशी तालुक्याला जातील, तेव्हा वाचतील," बाई म्हणाल्या. "आज मंगळवार आहे. बाजार शनिवारी."

गावात एकच फोन होता, पानठेल्यावर. तो मी संध्याकाळपर्यंत लावत बसलो. पावसानं लाइन पडली होती. तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात लागला. तिथल्या बाबूनं निरोप लिहून घेतला आणि सांगितलं, शिपाई परवा जाईल.

"सकाळच्या पहिल्या गाडीनं निघू," बाई म्हणाल्या. मी म्हणालो, मी एकटा जातो. "तुले बिया ओळखता येत नाहीत अजून," त्या म्हणाल्या. ऑफिसात त्या छापील मराठी बोलायच्या. तो 'तुले' मी पहिल्यांदा ऐकला.

सकाळी निघालो. मूल, सावली, मग वैनगंगेचा पूल. नदी काठोकाठ, चहासारखी लाल. बाईंच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत दोन्ही बियांच्या छोट्या बाटल्या. मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो. डोक्यात एकच चालू होतं: शाळेत माठ आहे, माठाशी पोरं आहेत. गडचिरोलीहून दुसरी गाडी धरली. फाट्यावर उतरलो, तिथून गाव दोन कोस. रस्ता चिखलाचा. बाईंनी चपला हातात घेतल्या आणि माझ्यापुढे चालायला लागल्या. दोन्ही बाजूंना धानाची रोवणी चालली होती. बायका वाकलेल्या, कोणी मान वर करून विचारलं, "कुठी जी?" बाई न थांबता म्हणाल्या, "शाळेत."

शाळा दोन खोल्यांची. गुरुजी तिशीतले, आम्हाला पाहून उठून उभे राहिले. कंपनीची माणसं आपल्या ई-मेलमुळे आली म्हणून त्यांचा चेहरा फुलला. भिंतीवर आमचं पान होतं. काळं-पांढरं, खळ लावून पक्कं चिकटवलेलं, आणि मधोमध ती चपटी बी.

"गुरुजी, यातला फोटो चुकला आहे," बाईंनी उभ्याउभ्याच सांगितलं. "चूक आमची. ही निवळी नाही, कुचला आहे. कोणी माठात घासली का?"

गुरुजींचा चेहरा उतरला. त्यांनी ओसरीकडे पाहिलं आणि हाक मारली. पाणी भरणारी म्हातारी आली. कोळ्याच्या घरची, नवरा आणि मुलगे तलावात, नदीत मासे धरणारे. शाळेचं पाणी ती भरायची. गुरुजींनी तिला विचारायच्या आत तिनं भिंतीकडे बोट केलं.

"म्या गुरुजीले सांगतलं होतं. हे निवळी नोहोय, हा कुचला होय. गुरुजी म्हणे, कॉम्पुटरात आलं हाये, मोठ्या कंपनीचं हाये."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? पोट्ट्यायनं घरून डब्बाभर आणला होता, फोटो पाहून. तो म्या घरी नेऊन वर ठेवला, लेकराईच्या हाताले लागू नये म्हणून. माठात माह्यीच निवळी घासून राह्यली मी." ती गुरुजींकडे वळली. "रागावू नका जी. मले वाचता येत नाई, पण बी त येते ना वाचता."

गुरुजी खाली बसले. मीही बसलो, ओट्यावर, चिखलाच्या पायांनी.

बाई मात्र बसल्या त्या म्हातारीजवळ. बाटल्या काढल्या. पिशवीतून कोरी कार्डं काढली. आणि विचारायला लागल्या: तुम्ही कसं ओळखता? झाड कसं? फळ कसं? म्हातारी आधी हसली, मग सांगत गेली. कुचल्याचं फळ संत्र्यावाणी, निवळीचं पिकलं की काळं, जांभळावाणी. कुचल्याची बी हातात घेतली की मांजराच्या अंगावर हात फिरवल्यावाणी मऊ लागते, लव असते तिला. निवळीची तशी लागत नाही. एका माठाला किती घासायची, घासल्यावर किती वेळ माठ हलवायचा नाही, तळचा गाळ केव्हा फेकायचा. बाई एकेक वाक्य लिहीत होत्या आणि लिहिलेलं तिला वाचून दाखवत होत्या. एके ठिकाणी म्हातारी म्हणाली, "असं नाई म्हटलं मी," आणि बाईंनी खोडून पुन्हा लिहिलं. पुस्तकांतून आम्ही जमवलेल्या मजकुरात यातलं निम्मंही नव्हतं.

मी तोपर्यंत पाणी लावून भिंतीवरचं पान खरवडून काढलं. गुरुजींनी मुलांना बोलावलं. बाईंनी दोन्ही बिया सगळ्यांच्या हातांवरून फिरवल्या, मग सगळ्यांना हात धुवायला लावले. म्हातारीनं घरून तो डबा आणून दिला. तांदळाच्या पिठाची भाकर आणि वाळलेल्या झिंग्यांची चटणी खाल्ल्याशिवाय तिनं आम्हाला सोडलं नाही.

परतीच्या गाडीत मी बाईंना म्हणालो, "मला काढून टाकायला सांगा साहेबांना."

"काढून काय होईल? नवा येईल, त्याला हे माहीत नसेल."

दुसऱ्या दिवशी खरा वाद झाला. बाईंनी निवळीचं पान नव्यानं लिहिलं आणि सगळ्यात वर, चौकटीत मजकूर टाकला: या पानावर सहा दिवस चुकीचा फोटो होता, तो विषारी कुचल्याचा होता, कोणी छापून घेतला असेल तर कृपा करून फाडून टाकावा. साहेबांनी वाचलं आणि खुर्चीतून उठले.

"हे काऊन लिहिता, बाई? दुरुस्त झालं ना? कोणाले कळलं नाही. आपण स्वतःहून बोंब मारायची?"

"ज्यानं छापून घेतलं त्याला कसं कळणार, साहेब? आपण बदललं ते आपल्याकडे. त्याच्या भिंतीवर तेच आहे."

"गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"म्हणेल की ही माणसं चुकतात आणि सांगतात."

"आणि नाही लावलं तर?"

"मग सगळ्या कार्डांवरची माझी सही खोडून द्या. मी पुस्तकं सांभाळीन. वेबसाइट याला सांभाळू द्या."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्या खोलीत पहिल्यांदाच माझं मत होतं. "चौकट राहू द्या साहेब," मी म्हणालो. "चूक माझी आहे. हवं तर तसं लिहा."

"तुझं नाव नको," बाई म्हणाल्या. "कार्ड नव्हतं, ही चूक आहे. आणि ती आपल्या सगळ्यांची."

साहेब खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. गोदामात हमाल पोती लावत होते. तिथूनच साहेब म्हणाले, "मीच चढवायला सांगितलं होतं. राहू द्या चौकट." त्या माणसाबद्दल माझं मत तेव्हा चांगलं झालं, ते पुन्हा कधी बिघडलं नाही.

चौकट पुढे वर्षभर राहिली. दुसऱ्या कोणाच्या भिंतीवर ते पान गेलं होतं का, हे आम्हाला कधीच कळलं नाही. कोणाचं पत्र आलं नाही. बाई मात्र रजिस्टरमध्ये दर महिन्याला त्याची नोंद करायच्या: आजपर्यंत कोणी काही कळवले नाही. नव्या पानाच्या तळाशी, पुस्तकांच्या नावांच्या वर त्यांनी एक ओळ टाकली होती: बी ओळखण्याची माहिती वैनगंगेकाठच्या एका मच्छीमार बाईंनी दिली, त्यांना वाचून दाखवून खात्री केली. संचालकांनी विचारलं, पुस्तकांच्या आधी ही ओळ कशाला? बाई म्हणाल्या, "पुस्तकांनी आपल्याला अडवलं नाही, साहेब. यांनी अडवलं."

त्यानंतर मी त्यांच्याकडे रोज तासभर शिकायला बसू लागलो. कार्ड कसं लिहायचं, कोणती माहिती केव्हा शिळी होते, जुनं पान काढलं तरी त्याची प्रत कुठे ठेवायची, ऐकलेलं आणि वाचलेलं वेगळं कसं दाखवायचं. हे सगळं त्या तीस वर्षं करत होत्या, एका खोलीत, जिथे लोक फक्त वर्तमानपत्र वाचायला यायचे. मला कॉम्प्युटर येत होता. काम त्यांना येत होतं. चार वर्षांनी त्या निवृत्त होऊन चिमूरला गेल्या, तेव्हा नावांच्या कार्डांमधलं तेलुगू राहून गेलं होतं. सिरोंच्याकडून माल यायचा तो तेलुगू नावांनी, आणि ती नावं आमच्याकडे कोणालाच नीट येत नव्हती.

ते मी करायला घेतलं. हिवाळ्यात रजा टाकून सिरोंच्याला गेलो. प्राणहितेच्या काठी एक बाई टोपलीत बिया घेऊन बसली होती. मी एक उचलली आणि नाव विचारलं. तिनं सांगितलं. मी लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. ती हसून मान हलवायला लागली. माझा उच्चार चुकला होता. मी खोडलं, आणि तिला म्हणालो, पुन्हा एकदा सांगा, हळू.